डाव्या पायाखालची थरथर

परत आल्यापासून शाळेतल्या बायका विचारतात, "मराठवाड्यात जाऊन काय बघितलंस?" मी सांगते, एक गॅरेज बघितलं. त्या हसतात आणि डबे उघडतात. त्यांना वाटतं मी नेहमीसारखी थट्टा करते आहे. पण खरंच, आठ दिवसांच्या त्या प्रवासातलं डोळ्यांसमोरून हलत नाही ते अहमदपूरच्या मार्केट यार्डाजवळचं एक गॅरेजच. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

मी चिपळूणची. वीस-बावीस वर्षं भूगोल शिकवते. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले आणि तेव्हापासून घरच्यांच्या जिवाला घोर लावून ठेवला आहे. या वेळी एवढ्या लांब एकटीने जायचं निमित्त होती विमल. आम्ही दोघी पुण्याला अध्यापक विद्यालयात एका खोलीत दोन वर्षं राहिलो. तिचं माहेर औसा तालुक्यातल्या एका खेड्यातलं, सासर नांदेडचं. जूनमध्ये तिच्या यजमानांचं, म्हणजे भावजींचं पत्र आलं. माणूस वीज मंडळातला, पत्रही तारेसारखं. मुलगी प्रज्ञा दहावीला उत्तम गुणांनी पास झाली आहे. तिला अकरावीला लातूरला घालायचं आहे, प्रवेश मिळाला आहे. तिथे मुलीबरोबर आईने दोन वर्षं राहायचं अशी पद्धत आहे. खोली मिळाली आहे, पण दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली. बाकी सगळ्या खोल्या गेल्या. मालकीणबाई बुधवारपर्यंत थांबते म्हणाल्या आहेत. विमल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तुमचं ऐकेल ती.

शेवटची ओळ वाचून मी जरा फुगलेच. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जाकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसं बघितलं, पण सही केली.

नांदेड

निघाले तेव्हा आमच्याकडे पाऊस असा लागला होता, की वाळत घातलेली साडी चौथ्या दिवशीही ओलीच होती. नांदेडला पोहोचले तर लोक कपाळावर हात आडवा धरून आभाळ न्याहाळत होते. दोन दिवसांच्या अंतरात एवढा फरक. वाटेत मैलोगणिक काळी, भेगाळलेली, पेरणीसाठी तयार करून ठेवलेली जमीन. वर्गात 'रेगूर मृदा' असं फळ्यावर लिहिताना मी तिला कधी हात लावला नव्हता. या वेळी उतरून मूठभर घेतली आणि रुमालात बांधून आणली आहे.

विमलचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. आजूबाजूला सगळ्यांची स्लॅबची घरं झालेली, हिचाच पत्रा. जूनच्या उन्हात दुपारी त्या पत्र्याखाली बसलं की माणूस भाजून निघतं. "पगारात स्लॅब झाला असता हो," भावजी हळूच म्हणाले, "पण पत्र्याखाली ती झोपती. एवढं बास हाय."

भूकंपाला आता पाच-सहा वर्षं झाली. विमल त्या वेळी आजारी आईला बघायला माहेरी गेली होती. विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट सगळ्यांना माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, वर मातीचं जड धाबं. आई गेली. विमलला दुपारी बाहेर काढलं. तिच्या शाळेची इमारत स्लॅबची होती म्हणून नंतर तिने नोकरीही सोडली. हे मला पत्रांतून माहीत होतं. पण पत्रातून कळणं वेगळं. घरात भिंतीवर काहीही टांगलेलं नव्हतं. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर खाली चौरंगावर ठेवलेली. तिचं अंथरूण दाराशी, उशाशी चपला, आणि ट्रंकेवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. "जाग आली की बघती," प्रज्ञा मला म्हणाली, "पाणी हलून राहिलं का ते." त्या मुलीने हे अगदी सहज सांगितलं.

जेवायला मात्र विमलने कसर ठेवली नाही. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार. आमच्याकडे पाहुण्याला भात वाढताना जो आग्रह होतो तो इथे भाकरीला. आणि भाकरी फुगली नाही तर वाढणारीच रुसते.

गाडीचं रामायण इथेच सुरू झालं. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर पुढच्या डाव्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली होती. नांदेडच्या एका गॅरेजवाल्याने चाक हलवून बघितलं आणि सांगितलं, एक्सल गेला. एक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना सांधे असलेला. त्याचा बाहेरचा सांधा झिजला होता. त्याने अख्खा दांडाच नवा घातला. संध्याकाळी मी गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितली. टकटक बंद. जीव भांड्यात पडला. रात्री जेवताना मी भावजींना म्हटलं, "गाडी झाली. आता विमलचं मी बघते." विमल भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

लोहा सोडल्यावर

मंगळवारी सकाळी निघालो. मागे प्रज्ञा, तिच्याशेजारी ज्वारीचं पोतं, स्टोव्ह, भांड्यांची बुट्टी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या. विमल पुढे, माझ्या डावीकडे. "खोली बघते आणि सांगते," एवढंच तिने कबूल केलं होतं. "न्हाई जमलं तर सामान तसंच परत." प्रज्ञा हे ऐकून खिडकीबाहेर बघत बसली. विमल नाही म्हणाली असती तर मुलीला नांदेडलाच शिकावं लागणार होतं, आणि प्रज्ञाला डॉक्टर व्हायचं होतं. मराठवाड्यात ज्याला डॉक्टर व्हायचं तो लातूरला, हे ठरलेलंच. तिच्या वर्गातल्या चार मुली आधीच गेल्या होत्या.

लोहा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. मी जरा वेग घेतला.

"कुमुद, गाडी हलून राहिली," विमल म्हणाली.

"रस्ता खराब आहे गं."

"रस्त्यानं न्हाई. खालून हलतीय."

मी स्टिअरिंगवर लक्ष दिलं. मला काही जाणवेना. तशी गाडी थोडी गुरगुरत असावी, पण इतक्या जुन्या गाडीने गप्प बसावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. माळाकोळीच्या अलीकडे एक पंक्चरवाला दिसला. त्याने चारी चाकांची हवा बघितली, नट आवळून बघितले आणि हात झटकले. "कायबी न्हाई बाई. रस्ताच तसला हाय."

"बघ," मी म्हटलं.

पुढच्या चढावर विमलने सीटची कड घट्ट धरली. तिची बोटं पांढरी पडली होती. त्या क्षणी मी आरशात मागे बघितलं, प्रज्ञानेही आरशात बघितलं, आणि आमची नजरानजर झाली. आजारी माणसाच्या डोक्यावरून दोन शहाणी माणसं एकमेकांकडे बघतात, तशी. आणि तेवढ्यात विमलनेही आरशातच बघितलं.

ती समोर बघत शांतपणे म्हणाली, "मला अहमदपूरच्या स्टँडवर उतरव. एसटीनं परत जाते. खोली बघाया मला यायचं न्हाई."

मला राग आला, अगदी खरा. दोन दिवस गाडी हाकत आले मी, ते काय हिला स्टँडवर सोडायला? मनात म्हटलं, हिला एखाद्या मेकॅनिकच्या तोंडूनच ऐकवते की गाडीत काहीही नाही. ते पटलं तर पुढचंही पटेल.

अहमदपूर

मार्केट यार्डाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कडुलिंबाचं झाड, त्याखाली एक उघडा ट्रॅक्टर, आणि जमिनीत खणलेला, कडेने दगड बसवलेला खड्डा, ज्यावर गाडी उभी करून खाली उतरून काम करतात. मिस्त्री साठीचे असतील. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. नाव सत्तार. तीन पिढ्या याच गावात. आजोबा निजामाच्या काळात टांगे दुरुस्त करायचे, हे त्यांनी चहा येण्याच्या आत सांगून टाकलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. आता लिहायलाही लाज वाटते, पण लिहायचं म्हटल्यावर लपवायचं कशाला. मी म्हटलं, "माझी मैत्रीण भूकंपातून वाचलेली आहे. तिला सगळंच हलल्यासारखं वाटतं. मनाचं आहे तिच्या. तुम्ही एक चक्कर मारा आणि गाडी ठीक आहे एवढं तिला सांगा."

सत्तारमिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, हात पुसले, एकटेच गाडीत बसले आणि गावात फेरी मारून आले. मी विमलकडे बघत होते. ती झाडाखाली उभी होती, पर्स छातीशी धरून.

"ठीक आहे ना?" मी मोठ्याने विचारलं.

"मला तर काय वाटलं न्हाई," ते म्हणाले. "पर ठीक हाय म्हनाया आधी ते कळाया पाह्यजे की न्हाई? गावात गाडी पळती कुठं?" आणि मला ओलांडून ते सरळ विमलसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, तुम्हाला कुठं लागतं? पायाला का पाठीला?"

विमलने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते भलत्याच कुणाला विचारताहेत.

"पायाला," ती म्हणाली. "डाव्या. टाचंला."

"सारखं लागतं का थांबून थांबून?"

"ही पाय दाबती तवा. चढाला जास्ती. पाय काढला की बंद."

"वळनावर?"

"वळनावर न्हाई. सरळ जाताना, जोर लावला की."

"कुठून सुरू झालं?"

"लोह्याच्या पुढून. त्याच्या आधी हिनं जोरात घेतली न्हाई."

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. "चला," ते म्हणाले. "जशा आलात तशाच बसा. पोतं, पेट्या, समदं तसंच. गाडी मी चालवतो. बाई, तुम्ही पुढं. चप्पल काढा, पाय खाली टेकवा, डोळे मिटा. हलाया लागलं की हात वर. थांबलं की खाली. बोलू नका. मीबी बोलनार न्हाई."

मी मागे पोत्यावर अर्धी, प्रज्ञाच्या मांडीवर अर्धी. मिस्त्रींनी गाडी शिरूर ताजबंदच्या रस्त्याला घातली. गाव संपलं. चढ आला. त्यांनी जोर दिला, काटा पन्नाशीपुढे गेला आणि विमलचा हात गुडघ्यावरून उठला. त्यांनी पाय काढला. हात खाली. पुन्हा दाबला. हात वर. मग उतारावर त्यांनी गियर काढून गाडी तशीच सोडली, त्याच वेगात. हात गुडघ्यावर स्वस्थ. पुन्हा गियर, पुन्हा जोर, पुन्हा हात वर.

मी मागून मिस्त्रींच्या पायाकडे आणि विमलच्या हाताकडे आळीपाळीने बघत होते. तिचे डोळे मिटलेले होते. पाय दाबला की हात उठायचा. एकदाही चुकला नाही. प्रज्ञाने माझ्या दंडाला असं धरलं, की संध्याकाळी तिथे वळ उठला होता.

परत येताना मिस्त्री म्हणाले, "बाईंचा पाय बरोबर हाय. गाडी हलते."

भूगोलाच्या बाईंना मग त्यांनी शिकवलं. चाकात किंवा टायरात दोष असता तर गियर काढून सोडलेल्या गाडीतही थरथर आली असती, कारण चाक तेव्हाही तेवढंच फिरतं. इथे ती फक्त इंजिन ओढतं तेव्हा येते. म्हणजे दोष इंजिन आणि चाक यांच्या मधे. मी लगेच म्हटलं, "म्हणजे तो नवा एक्सलच खराब!" सत्तारमिस्त्री हसले. "नव्यावर लगेच आळ घेऊ नका ताई."

ते खड्ड्यात उतरले. बऱ्याच वेळाने खालून त्यांचा आवाज आला. इंजिन लोखंडावर थेट बसवत नाहीत, रबराच्या जाड गाद्यांवर बसवतात. नांदेडच्या माणसाने दांडा काढायला जागा व्हावी म्हणून डावीकडच्या गादीचे बोल्ट सोडले, आणि काम झाल्यावर गाडी जॅकवर अधांतरी असतानाच ते कसून टाकले. गाडी खाली आली, वजन पडलं, पण रबर मघाच्याच जागी पिळलेलं राहिलं. इंजिन एका अंगाने जरा तिरकं बसलं. त्यामुळे दांड्याचा आतला सांधा वाकडा फिरू लागला आणि जोर आला की थरथरायचा. "दांडा चांगला हाय. मानूसबी चांगला असंल. घाई झाली," ते म्हणाले. "हे बोल्ट गाडी तिच्या पायावर उभी असताना कसायचे असतेत."

काम तासाभराचं होतं. आम्ही लिंबाखाली बसलो. विमलने डबा उघडला. धपाटे, दही, ठेचा. मिस्त्रींनाही दिलं. ते खड्ड्यातूनच हात वर करून घेत होते. प्रज्ञा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पुस्तक वाचायला लागली, निदान उघडून बसली.

"विमल, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी त्या मिस्त्रींना काय सांगितलं ते तुला माहीत नाही."

"माहीत हाय. ऐकलं मी." तिने धपाट्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "कुमुद, तुला एक सांगू का? भूकंपाच्या आधी वर्षभर आमच्याकडं हादरे बसायचे. बारके. खालून गुडगुड. सुरुवातीला लोक भ्याले, मग सवय झाली. त्या राती मला पडल्या पडल्या जाणवलं. पायाला. मी उठले, आईला म्हनलं, बाहेर अंगनात झोपू. आई म्हनली, वहिम हाय तुझा, झोप गुमान. मी झोपले." तिने तो तुकडा परत डब्यात ठेवला. "घर पडलं त्याचं मला कमी लागतं. मी झोपले, त्याचं लागतं. आनि तवापास्नं मी जेव्हा जेव्हा म्हनते हलून राहिलं, सगळे हेच म्हनतेत. वहिम हाय. हे बी, पोरगी बी. डॉक्टर बी. आज तू बी."

बावीस वर्षं मी 'भूकंप' हा धडा शिकवते. प्राथमिक लहरी, दुय्यम लहरी, रिश्टर नावाचा शास्त्रज्ञ. त्या धड्यात हे कुठेच नव्हतं. मी तिचा हात धरला. मग रडले, आणि त्यामुळे तिलाच मला पाणी द्यावं लागलं.

"रडू नको," ती म्हणाली. "धपाटं खा. गार झालं की चामडं होतं त्याचं."

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर चार चाकांवरच ठेवून ते बोल्ट ढिले केले. मग दोन्ही हातांनी गाडी पुढे-मागे डोलवली, इंजिन सुरू करून थोडा वेळ तसंच राहू दिलं, म्हणजे रबर आपल्या जागी सैल होऊन बसेल. इंजिन बंद करून बोल्ट पुन्हा कसले. दुसऱ्या फेरीसाठी ते स्वतःच म्हणाले, "बाईंना बसवा. त्यांनी सांगितल्याबिगर मी गाडी देनार न्हाई."

त्याच चढावर त्यांनी त्याच वेगाने गाडी घातली. विमल डोळे मिटून, अनवाणी. आम्ही सगळे तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात हलला नाही. दुसरा चढ. हात हलला नाही. शिरूर ताजबंदच्या फाट्यापर्यंत गेलो. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "गेली."

सत्तारमिस्त्री एवढे खूश झाले, की परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. निघताना विमल त्यांना म्हणाली, "चाचा, तुम्ही विचारलं म्हनून सांगितलं." ते म्हणाले, "बाई, मला कानानं कमी येतं आता. गिऱ्हाईकाला विचारल्याबिगर काम कसं होनार?" त्यांना कदाचित कळलंच नसेल की त्यांनी काय केलं. मी गाडी सुरू केली. स्टँडवर उतरायचं विमलने काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. स्टँड डावीकडे मागे पडला, तेव्हा प्रज्ञाने पुस्तकाचं पान उलटलं. तास-दीड तासात तिने उलटलेलं ते पहिलं पान.

लातूर

लातूर नांदेडला जाताना मी नुसतंच ओलांडलं होतं. या वेळी आत शिरले आणि चक्रावले. क्लासच्या जाहिरातींशिवाय एक भिंत मोकळी म्हणून नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित. सरांची नावं, बाकांची संख्या, गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो. पाठीला दप्तरं लावून सायकलींवरून जाणाऱ्या मुलींच्या झुंडी. आणि त्यांच्या मागून पिशव्या घेतलेल्या बायका, ज्यांच्या चालण्यावरूनच कळतं की त्या या गावच्या नाहीत. कुणी बीडहून, कुणी परभणीहून, कुणी उदगीरच्या पलीकडून. आपापली घरं नवऱ्यांवर टाकून मुलांना भाकरी करून घालायला आलेल्या. आमच्याकडे बाप मुंबईला जातो आणि आई-मुलं गावात राहतात. इथे आई-मुलं गेलेली आणि बाप गावात हाताने पिठलं करतो. सगळ्या शहरालाच बारावीची परीक्षा असावी असं वातावरण.

खोली एका गल्लीत, दोन जिने चढून. मालकीणबाई उत्साही होत्या. "भूकंपानंतर बांधलंय, पक्कं हाय," असं त्या तीनदा म्हणाल्या. भाडेकरूंची ही शंका त्यांना पाठ असावी. विमल उंबऱ्यात थांबली. वर बघितलं. गुळगुळीत, पांढरा स्लॅब. तिने चपला काढल्या. एकेक पाऊल टाकत ती खोलीच्या मधोमध गेली आणि उभी राहिली.

मी, या वेळी एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवूनच आले होते. मालकीणबाईंनी पाण्याचा पेला आणून खिडकीत ठेवला.

आणि फरशी थरथरली. अगदी बारीक. मलाही कळलं ते पेल्यातल्या पाण्यावरून; त्यावर गोल गोल वलयं उठली होती. प्रज्ञाने ते पाणी बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. लातूरची दोन वर्षं इथेच संपली, असंच तिला वाटलं असणार. मला म्हणावंसं वाटलं, काही नाही गं, काही नाही. मी ओठ चावला.

विमल गेली नाही. ती खाली बसली. तळहात फरशीवर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग उठून भिंतीवर ठेवला, आधी रस्त्याकडच्या, मग मागच्या. सत्तारमिस्त्री खड्ड्यात उतरताना जसे दिसत होते तशी ती दिसत होती, कामात असलेली.

"मागच्या अंगाला गिरणी हाय का?" तिने विचारलं.

मालकीणबाई बघतच राहिल्या. "हाव. खाली, मागच्या घरात. पिठाची. पर आवाज तर येत न्हाई वर."

"मोटार सुरू झाली की हलतं आनि मग कमी होतं. पट्टा ढिला हाय तिचा. सांगा त्याला."

"दोन वर्षं झाली भाडेकरू राहून राहिलेत बाई. कुनाला जाणवलं न्हाई."

"मला जाणवलं," विमल म्हणाली. तिने खिडकीतला पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. सगळं. रिकामा पेला मालकीणबाईंच्या हातात दिला आणि मुलीला म्हणाली, "प्रज्ञा, चटई आन. सकाळपास्नं पाठ टेकली न्हाई."

प्रज्ञा दोन जिने धावत उतरली आणि धावत वर आली. विमलने खोलीच्या मधोमध, दारापासून लांब, चटई टाकली. आडवी झाली. चपला उंबऱ्यातच राहिल्या होत्या. भर दुपारची वेळ, खिडकीतून ऊन पायावर येत होतं. पाच मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. झोपली.

मी आणि प्रज्ञा भिंतीला टेकून बसलो. सामान अजून गाडीतच होतं, पण उठायची छाती होईना. प्रज्ञा आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला पुसायचंही भान नव्हतं. बऱ्याच वेळाने मागची गिरणी पुन्हा सुरू झाली. फरशी थरथरली. प्रज्ञाने माझा हात घट्ट धरला.

विमल कुशीवर वळली. डोळे न उघडताच म्हणाली, "गिरणी हाय. झोपा तुम्हीबी."